आंघोळीला गेलाय

३ फेब्रुवारी

बारक्या,

आई म्हणाली लिही, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुला पत्र लिहावं असं माझ्या मनात अजिबात नव्हतं, आणि हे तिथे सुधारगृहात पत्रं फोडून वाचणाऱ्या साहेबांनाही कळू दे. नमस्कार साहेब. मी याची मोठी बहीण. माझ्या पत्रात पळून जायचे बेत वगैरे काही सापडणार नाहीत, तेव्हा निर्धास्तपणे शिक्का मारा.

पत्र उशिरा पोचलं तर कुरकुर करू नकोस. आपल्या भागाच्या पोस्टमनचा पाय तूच स्कूटर घालून मोडला आहेस. त्यांच्या जागी जो आलाय तो आपल्या गल्लीची पत्रं मागच्या गल्लीत टाकतो. परवा आपल्याकडे कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली. आपल्याला अजून कुणीतरी बोलावतंय म्हणून आईचा चेहरा फुलला. मग मी पाकिटावरचं नाव दाखवलं.

घरी सगळे बरे आहेत. म्हणजे सगळे तुझ्याबद्दल बोलत बसलेत. तू घरात होतास तेव्हा निदान तू बाहेर गेलास की दुसरा विषय निघायचा. आता तू चोवीस तास घरातच आहेस. तुझी चादर आई दर आठवड्याला धुते, कुणी झोपलेलं नसताना. माझी चादर मीच धुते. रविवारी भेटीला येताना ती तुझ्यासाठी अंडी उकडते आणि सोलूनच आणते, तुझ्या नखांना त्रास नको म्हणून. सोळा वर्षांच्या मुलाला कुलूप तोडून स्कूटर चालू करता येते, अंडं सोलता येत नाही.

पोलीस आले त्या सकाळचं आईने तुला सांगितलं नसेल. मी सांगते. दारात दोघं उभे, एक वयस्कर, एक तरुण. तुझं नाव घेऊन म्हणाले, याचं घर हेच का? आईने पुढचं ऐकलंच नाही. म्हणाली, "आंघोळीला गेलाय." आणि सवयीने आत गेली, बाथरूमचा नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. ते बिचारे बसले. तरुणाने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आईने चहा घेणार का म्हणून विचारलं. बादली भरली, वाहिली, पाणी दाराखालून आलं आणि त्या वयस्कर पोलिसाच्या बुटापर्यंत पोचलं. तेव्हा तो म्हणाला, "बाई, नळ बंद करा. तो तासाभरापासून आमच्याकडे आहे. तेच सांगायला आलोय."

मी तिथेच होते, दुकानात जायला निघालेली. मला हसू आलं. तुझं काय झालं हे अजून माहीत नव्हतं म्हणून आलं, पण आलं.

याआधीही हेच. शाळेचे सर आले, तू आंघोळीला. वरच्या मजल्यावरचे काका स्वतःच्या स्कूटरचं विचारायला आले, तू आंघोळीला. बाबांनी कामावरून फोन केला, तू आंघोळीला, आणि आईने फोन नळाजवळ धरला. तुझ्या सगळ्या आंघोळी खऱ्या असत्या तर अंगावर कातडी उरली नसती. मी एकदा, शाळेत असताना, मैत्रिणीकडे उशिरापर्यंत थांबले. बाबांनी विचारलं, ही कुठाय? आई म्हणाली, "अजून आली नाही. तुम्हीच बघा आता." नळ तेव्हाही तिथेच होता.

असो. तुला काही हवं असेल तर आईला सांग. ती आणेलच.

ताई

२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यात दोन वेळा 'सॉरी'. शिक्का तुझ्या अक्षरापेक्षा ठळक आहे. दिवे लावलेस ते लावलेस, निदान शुद्ध तरी लिही.

काल आपल्याकडे त्या अधिकारी बाई आल्या होत्या. बाल न्याय मंडळासमोर तुझा अहवाल देणार त्या. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, तू असा का झालास, हे सगळं त्यांनी लिहून द्यायचं आणि मग मंडळ तुझं काय करायचं ते ठरवणार. मी बोलता बोलता तुला आरोपी म्हणाले तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, आम्ही तो शब्द वापरत नाही, मुलगा म्हणायचं. मी म्हटलं, आणि मी केलं असतं तर? त्यांनी माझं वय विचारलं. वीस. मग म्हणाल्या, तुमच्यासाठी वेगळं कोर्ट. म्हणजे बघ, यातही माझी वेळ टळून गेली.

दोन तास बसल्या. तू जन्मलास तेव्हा वजन किती होतं, रांगायला कधी लागलास, अंधाराला घाबरायचास का, कुणी मारायचं का, जेवताना रुसायचास का. आईला सगळं पाठ. तुझा पहिला दात कोणत्या बाजूला आला हे तिने स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवलं. बाबा लिफ्टच्या कामावरून मुद्दाम लवकर आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तुझ्या शाळेच्या पालकसभेला हा माणूस कधी गेला नाही. माझ्या तर नाहीच नाही. आणि काल एका परक्या बाईंना सांगत होता की मुलाला मशिनची फार आवड, माझ्यावर गेलाय.

मग बाईंनी सहज माझ्याकडे बोट केलं. "आणि ही?"

आई म्हणाली, "ही? हिचं काय. ही आपली आपण वाढली."

आईने ते वाईट अर्थाने म्हटलं नाही, हे मला कळतं. कौतुकानेच म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि पान उलटून पुन्हा तुझ्याकडे वळल्या. मी आत जाऊन कप धुतले. स्वच्छ होते, तरी धुतले. मला तुझा एवढा राग आला की तू समोर असतास तर बरं झालं नसतं. कुणीतरी दोन तास बसून माझा पहिला दात कुठे आला हे विचारावं असं मला वाटलं, आणि त्यासाठी मला एखादी स्कूटर पळवायला लागली असती तर मी पळवली असती. मला चालवता येत नाही, हा भाग वेगळा.

दुकानात नेहमीसारखंच. मालक दिवसभर गल्ल्यावर बसून पेपर वाचतात आणि चष्म्याच्या काड्या मी घट्ट करते. काल एक आजोबा तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून गेले. मी तक्ता उलटा टांगला तर तीच ओळ परत म्हणाले. पाठ करून आले होते. गाडीचा परवाना हवा होता त्यांना.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. तिथे बोलणार तरी कुणाशी म्हणा. मलाही एक पत्र आलंय. तुझ्या कृपेने मागच्या गल्लीत पडलं होतं, तिथल्या काकूंनी आणून दिलं. लांबच्या शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं आहे. डोळे तपासायला शिकवतात, दोन वर्षं. राहायची सोय त्यांची, वर थोडा हातखर्च. मी अर्ज केला होता हेच घरात ठाऊक नाही. जूनमध्ये जायचं असतं. जायचं असेल तर.

जाऊ दे. तुझा विषय चाललाय.

ताई

१४ मार्च

बारक्या,

तू केलेली फळी पोचली. पोचली म्हणजे आईने ती भेटीच्या खोलीतून बसमध्ये मांडीवर घेऊन आणली, आणि शेजारच्या बाईंना सांगत आली की मुलगा सुतारकाम शिकतो. कुठे शिकतो ते नाही सांगितलं. बाबांनी ती बाहेरच्या खोलीत दाराच्या समोर ठोकली, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी. तिथे आधी माझं बक्षीस होतं, निबंधाचं, ते आता कपाटावर गेलंय, पाहुण्यांच्या गाद्यांमागे.

फळी वाकडी आहे, बारक्या. मी जळते म्हणून म्हणत नाही. जळतेच, पण फळीही वाकडी आहे. पेला ठेवला तर तो हळूहळू डावीकडे जातो. आई पेल्याखाली कागदाची घडी ठेवते आणि म्हणते, भिंतच तशी आहे. तुझ्यासाठी आता भिंतही खोटी पडायला तयार आहे.

आणि ते तुमचे सुतारसर. रविवारी मला बाजूला घेऊन सांगायला लागले, हात फार चांगला आहे पोराचा, लाकडाशी बोलतो. माझ्याही हातात स्क्रू असतात, तुझ्या खिळ्यांच्या दहाव्या हिश्श्याएवढे. ते डोळ्याला दिसत नाहीत, जमिनीवर पडले तर गुडघ्यावर बसून शोधायला लागतात. मालक गेल्या तीन वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत की पोरीचा हात चांगला आहे. ते म्हणतात, सापडला का?

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल मी आणि बाबा पोस्टमनच्या घरी गेलो. बाबांना एकट्याने जायचा धीर होत नव्हता. आम्ही फळं घेऊन गेलो, दारात उभे राहिलो, आत यायला सांगेपर्यंत मी बाबांची बाही धरून ठेवली होती. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. खुर्चीत बसून खिडकीतून रस्ता बघतात. नवा माणूस चुकीच्या दारात पत्र टाकताना दिसला की इथूनच ओरडतात. बायको म्हणते, यांचा आवाज बसलाय.

मला वाटलं शिव्या देतील, निदान उंबऱ्यातून हाकलून तरी देतील. त्यांनी आधी काय विचारलं असेल? पोरगा कसा आहे.

मी म्हटलं, बरा आहे, फळ्या बनवतो. मग ते म्हणाले, "बाकीचे दोघं स्कूटर टाकून पळाले. हा नाही पळाला. माझ्या शेजारी रस्त्यावर बसून राहिला, माझी पिशवी उशाला दिली, आणि वाऱ्यावर पत्रं उडाली होती ती धावत जाऊन गोळा करून आणली. गाडी येईपर्यंत माझा हात धरून होता. मीच त्याला म्हटलं, जा पोरा, पकडतील तुला. तर म्हणाला, पत्रं अजून सगळी सापडली नाहीत."

बाबा तिथे रडले. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. हे तू आम्हाला का नाही सांगितलंस? मंडळाच्या कागदात आहे म्हणे, सगळ्यांना माहीत होतं, आपल्याच घराला नव्हतं. आम्ही कुणी तुला विचारलंच नाही की पकडलं कसं.

घरी येताना बाबा म्हणाले, मनाने चांगला आहे आपला मुलगा. मी म्हटलं, हो. आणि खरंच तसं वाटत असतानाच आतून जळफळाट झाला. माणसाचा पाय मोडायचा आणि त्याच्याच तोंडून कौतुक ऐकायचं, हे फक्त तुलाच जमतं. मी आयुष्यात कुणाच्या पायावर पायसुद्धा दिला नाही. माझ्याबद्दल सांगायला कुणाकडे काही नाही.

पोस्टमनचा चष्मा रस्त्यावर फुटला होता. मी माप घेऊन आलेय, फ्रेम दुकानातून माझ्या नावावर घेतली. तू बाहेर आलास की वसूल करेन.

ताई

२ एप्रिल

बारक्या,

आई रविवारी तुला म्हणाली असेल की आता लवकरच घरी येशील. ते इतकं सरळ नाही. तिने जे सांगितलं नाही ते मी सांगते, कारण माझ्यावर आलंय.

अधिकारी बाईंचा अहवाल चांगला आहे. पहिलीच वेळ, पळाला नाही, पोस्टमननेही तुझ्या बाजूने सांगितलं. मंडळ तुला घरी सोडायला तयार आहे, पण देखरेखीखाली. म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाने हमी द्यायची. त्याने तुझ्याबरोबर एकाच घरात राहायचं, दर आठवड्याला तुला घेऊन बाईंसमोर हजर व्हायचं, आणि तू कुठे आहेस असं कुणी विचारलं की खरं उत्तर द्यायचं. वर्षभर.

आईने लगेच हात वर केला. बाईंनी फाइल उघडली आणि पोलिसांचा जबाब वाचून दाखवला. 'मुलगा आंघोळीला गेला असल्याचे मातेने सांगितले व नळ चालू करून ठेवला.' हे सरकारी कागदावर आहे, बारक्या. तिथे सगळे इतके गंभीर बसले होते की मी गालाच्या आतून दाताने धरून ठेवलं. मंडळाच्या मुख्य मॅडमनी आईला अगदी हळू आवाजात समजावलं की तुमची माया कळते, पण तुमच्या हमीवर विसंबता येणार नाही. आईचं तोंड पडलं. नळाने असा सूड घेतला.

बाबांचं काम असं की कुठे कुणी लिफ्टमध्ये अडकलं की जेवणावरून उठायचं. त्यांच्याही नावापुढे 'नाही' लिहिलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघायची ही पहिलीच वेळ. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं की ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्यातून तुझ्याकडे बघत होते. पुढच्या तारखेला सांगा, म्हणाले. आम्ही जबरदस्ती करत नाही. हमीदार नसेल तर मुलगा सुतारकामाचा अभ्यासक्रम संपेपर्यंत तिथेच राहील, म्हणजे हिवाळ्यापर्यंत.

तू मागच्या पत्रात लिहिलंस की शेजारच्या कॉटवरचा मुलगा झोपेत ओरडतो आणि तुला झोप लागत नाही. मी ते आईला वाचून दाखवलं नाही. स्वतः मात्र दोनदा वाचलं.

घरात कुणी मला काही म्हणत नाही. हेच जास्त वाईट आहे. बाबा माझ्या खोलीच्या दारात येतात, पंखा नीट फिरतोय का बघतात आणि जातात. आणि आज सकाळी टेबलावर माझ्या बशीत अंडं होतं. सोललेलं. वर मीठ-मिरी टाकलेली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, गार होईल, खा.

वीस वर्षांत पहिल्यांदा माझं अंडं सोललं गेलं, आणि ते तुझ्यासाठी. मला लाच दिली जातेय हे मला कळत होतं. मी खाल्लं. चवीचं होतं.

माझं काय ठरलंय ते मी इथे लिहिणार नाही. मी हो म्हटलं तर जूनमध्ये माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल, ती पुन्हा मिळत नाही, मी विचारून घेतलंय. मी नाही म्हटलं तर आई जन्मभर माझ्याशी बोलेल, पण बोलेल तेही तुझ्याबद्दलच. आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? तू चांगला निघालास याचा. तू नालायक असतास, पोस्टमनला तसाच रस्त्यावर टाकून पळाला असतास, तर मी केव्हाच बॅग भरली असती.

तारीख १८ आहे. तिथे माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस की मला काही सुचत नाही.

ताई

१९ एप्रिल

बारक्या,

तू काय केलंस हे तुला कळलंय का? कालपासून मी धुमसते आहे.

मी हो म्हणणार होते. मुख्य मॅडमनी विचारलं, "तुमचा काय निर्णय?" आणि मी खुर्ची मागे सरकवली होती. तिचा आवाजही झाला, तू ऐकला असशील. आदल्या दिवशी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून मी ते वाक्य म्हणून बघितलं होतं, 'मी हमी घेते'. दोनच शब्द आणि एक मी. आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर उभं राहून मोठं काहीतरी करायची माझी पाळी आली होती. आणि तू मध्येच उठलास.

"मला तिथेच राहू द्या," म्हणालास. "माझं कपाट अर्धं झालंय. आणि ताईला डोळ्यांच्या हॉस्पिटलात जागा मिळालीय, दोन वर्षांची. तिने कुणाला सांगितलेलं नाही. तिला जाऊ द्या."

मी कुणाला बोलू नकोस म्हटलं होतं. भर मंडळात बोललास.

मग काय झालं ते तू पाहिलंस. बाबांनी रुमाल काढला. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मुख्य मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांत असा मुलगा पाहिला नाही. दारावरचा शिपाईसुद्धा आत डोकावला. बाहेर आल्यावर दुसऱ्या कुणाची तरी आई आपल्या आईचा हात धरून म्हणाली, भाग्यवान आहात. म्हणजे त्याग माझा, तयारी माझी, पाठांतर माझं, आणि कौतुक तुझं. पोस्टमनचं झालं, आता हे. तू मला माझ्या वाटचं एवढंही करू दिलं नाहीस. मी हो म्हणणार होते हे आता कुणाला सांगितलं तरी पटणार नाही. तूही विश्वास ठेवू नकोस, गेलास उडत.

मॅडमच्या चष्म्याच्या नाकावरचं रबर निघालं होतं. माझ्या पर्समध्ये जास्तीचं होतं, मी जाऊन बसवून दिलं. त्या म्हणाल्या, थँक्यू बेटा. या सगळ्या प्रकरणात माझा हातभार एवढाच.

बसमध्ये आई माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू विचारलंस कधी?"

उतरायच्या आधी म्हणाली, तिकडे थंडी असते का. मी म्हटलं, माहीत नाही. घरी आल्यावर तिने कपाटावरच्या गाद्या काढून जुनी बॅग खाली घेतली आणि तिची चेन चालते का बघत बसली. माझं बक्षीस गाद्यांबरोबर खाली पडलं, त्याचा एक कोपरा उडाला. तिने ते पुसून तुझ्या फळीवर ठेवलं. ते डावीकडे घसरलं. तिने खाली कागदाची घडी ठेवली.

मालकांना मी अजून सांगितलेलं नाही. ते आधी रडतील, मग ओरडतील, मग महिनाअखेरपर्यंत थांब म्हणतील आणि तो महिना कधी संपणार नाही. आईला म्हटलं, मी गेल्यावर तू सांग. ती म्हणाली, मी कशी सांगू, मला खोटं बोलता येत नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. ती गंभीरपणे म्हणत होती.

शेजारच्या कॉटवरच्या मुलासाठी एक युक्ती. तो ओरडायला लागला की त्याला त्याचं नाव घेऊन हाक मारायची, हलवायचं नाही. तू लहान होतास तेव्हा मी तेच करायचे. आईला हे ठाऊक नाही, ती झोपलेली असायची. त्या अधिकारी बाईंनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ताई

२३ जून

बारक्या,

पत्ता बदलला आहे, पाकिटामागे लिहिलाय. एका खोलीत तिघी आहोत. खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसतं, तिथून डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून निघतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला एकमेकींचे डोळे तपासायला लावले. मला उजव्या डोळ्याने कमी दिसतं हे वीस वर्षांनी कळलं. ते वाचून दाखवणाऱ्या सरांनी मला विचारलं, लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, आमच्याकडे लहानपणी दुसरीकडे लक्ष होतं. सगळे हसले. मीही हसले.

तुझ्या कपाटाचं दार नीट लागतं हे वाचलं. सुतारसरांनी ते प्रदर्शनात ठेवलं हेही वाचलं. आईने फोनवर तीन वेळा सांगितलं, तेव्हा तू लिहायची गरज नव्हती. इथे अजून कुणी माझं काही प्रदर्शनात ठेवलेलं नाही.

आता खरी गोष्ट. काल बाबांचा फोन आला. त्यांना बोलताच येत नव्हतं, मी घाबरले, मग कळलं की हसताहेत. तुला पकडल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

झालं असं की मालक घरी आले. मी दुकानात का येत नाही, फोन का उचलत नाही, सगळे स्क्रू कुठे ठेवलेत, हे विचारायला. आईने दार उघडलं. त्यांनी विचारलं, कुठाय ती? आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "आंघोळीला गेलीय."

मी तेव्हा इथे होते, रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर. आईने आत जाऊन नळ सोडला, दार ओढलं, बाहेर येऊन त्यांना बसवलं. चहा केला. तुझी फळी दाखवली, माझं बक्षीस दाखवलं, मी लहानपणी कशी पाठांतर करायचे ते सांगितलं. मी पाठांतर करायचे हे तिला आठवतं. दुसरा चहा केला. मालक म्हणाले, फार वेळ लागतोय. आई म्हणाली, तिचे केस लांब आहेत. बाबा घरी आले तेव्हा मालक खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि खाली सगळीकडे पाणी.

मग आईने फोन घेतला. ओशाळली होती. म्हणाली, "काय करू, त्याने एवढ्या रागाने विचारलं. मला काही सुचलंच नाही." मी नाक ओढलं, तर म्हणाली, रडतेस का? मी म्हटलं, नाही, सर्दी झालीय, इथे थंडी असते.

तू हे ऐकून गालातल्या गालात हसशील, आणि म्हणशील, तिने तर माझ्यासाठी किती वेळा केलं. केलं असेल. पण पोलीस आले त्या दिवशी पाणी एका बुटापर्यंतच आलं होतं, मी होते तिथे. माझ्या वेळी ते दाराबाहेर पडलं, बारक्या, आणि जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेलं. पटत नसेल तर बाबांना विचार.

ताई